शाईची तीट

आमच्या शहापूर-मुरबाडच्या दोन तालुक्यांत मेलेल्या माणसांशी इतके सलोख्याचे संबंध असलेला दुसरा माणूस झाला नाही, आणि जिवंत माणसांशी इतका तुटक वागणाराही नाही. आम्ही त्यांना रेकॉर्डकाका म्हणायचो. दोहोंपैकी एका तालुक्याच्या कचेरीत ते जुनं दप्तर सांभाळायला होते. कोणत्या, ते सांगत नाही. तिथली माणसं अजून कामावर आहेत आणि माझी दोन कामं अजून तिथे अडकलेली आहेत. निवृत्त होऊन पंधराएक वर्षं झाली तरी काका रोज सकाळी कचेरीत हजर असत, कारण त्यांच्याशिवाय कोणाला काही सापडत नसे. शेल्फांवर क्रमांक होते, रजिस्टरात यादी होती, पण कागद यादीप्रमाणे ठेवलेले नव्हते. ते काकांना वाटेल तसे ठेवलेले होते. शहापूरच्या एका शाळेच्या ऑफिसात मी काम करते, कागद क्रमाने लावणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे हे मला पहिल्याच दिवशी खटकलं.

त्या पहिल्या दिवशी मी आजोबांच्या जमिनीच्या जुन्या फेरफाराची नक्कल काढायला गेले होते. हातात यादी होती : अर्ज, कोर्ट फीचं तिकीट, ओळखपत्राची झेरॉक्स, पेन, जास्तीचं पेन. काका किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे चालले. दारापाशी थांबून त्यांनी तीनदा टकटक केली. किल्ली त्यांच्याच हातात, खोलीला बाहेरून कुलूप, आत कोणी असण्याचा प्रश्नच नाही. मग घसा खाकरून त्यांनी आमच्या गावाचं नाव घेतलं आणि अंधारात हाक मारली, "उठा हो. तुमच्या घरची नात आलीय. कागद बगून जाईल. हात धुतलेत तिनं." मी हात धुतले नव्हते. मुकाट्याने बाहेर गेले, नळाखाली हात धुतले आणि परत आले. आत वाळवीच्या औषधाचा आणि जुन्या कापडाचा वास होता. लाल फडक्यांत बांधलेले गठ्ठे, ज्यांना कचेरीत रुमाल म्हणतात, छतापर्यंत रचलेले होते, आणि त्या लाल ओळींमधून चालताना आपल्याकडे कोणीतरी मान वळवून बघतंय असं मला सारखं वाटत होतं. काकांनी न बघता हात घातला आणि नेमका आमचा रुमाल काढला. "वरच होते," ते म्हणाले. "वाट बगत असतील."

त्यांच्या मांडणीला नियम होते, फक्त ते लिहिलेले नव्हते. बांधावरून आयुष्यभर भांडलेल्या दोन भावांचे कागद ते एका शेल्फावर ठेवत नसत. ठेवले तर सकाळी सुतळी तुटलेली मिळते म्हणायचे. लहान पोरांच्या नोंदींची वही आयांच्या वहीला टेकून ठेवायची. उन्हाळ्यात खिडकीत पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, कारण "दिसभर बोलून घसा सुकतो त्यांचा." मी व्यवहारी बाई आहे. एका एप्रिलमध्ये मला लागोपाठ तीन दिवस तिथे खेटे घालावे लागले, तेव्हा तांब्यावर आतून पेन्सिलीने खूण करून मी पाणी मोजलं. पहिल्या दिवशी बोटभर कमी झालं. दुसऱ्या दिवशीही बोटभर. तिसऱ्या दिवशी एक मोठा रुमाल सोडला होता, सात पिढ्यांच्या वाटणीचा, आणि कचेरी सुटायच्या वेळी तांब्या कोरडा होता. मी वहीत 'ऊन फार' असं लिहिलं आणि तो विषय बंद केला.

एकदा शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या एसटीत ते भेटले. शेजारच्या सीटवर त्यांनी पिशवी ठेवली होती.

"काका, पिशवी खाली घ्या. लोक उभे हायेत," कंडक्टर म्हणाला.

"पिशवी नाय ती. जागा धरलीय."

"कोनासाठी?"

"किन्हवलीला चढतील."

किन्हवली आली. चारजण उतरले, सहाजण चढले, आणि काकांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. गाडी गच्च भरली होती. तरी मुरबाड येईपर्यंत त्या रिकाम्या जागेवर कोणी बसलं नाही. माझे गुडघे दुखतात, मीसुद्धा उभीच राहिले. काका मधूनमधून खिडकीबाहेर बोट दाखवून मला माहिती देत होते. "त्या आंब्याखाली ऱ्हातो ना, त्याची बायको लय रागीट." मी बघितलं, तर आंबा होता, घर नव्हतं. काका 'राहायचा' कधीच म्हणत नसत. त्यांच्या बोलण्यात सगळे 'राहतो', 'खातो', 'भांडतो' असेच असत, आणि समोर बसलेल्या माणसाचं नाव मात्र त्यांना आठवत नसे. मला ते शेवटपर्यंत माझ्या आजोबांच्या गट नंबराने ओळखत.

त्यांच्या अंगच्या लकबी याहून विचित्र होत्या. पहिल्या हाकेला ते ओ देत नसत, दुसऱ्याही नाही. तिसऱ्या हाकेला मात्र लगेच वळत आणि हाक मारणाऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून मगच बोलत. साहेबांची बेलही तीनदा वाजावी लागे. हजेरीपटावर नाव लिहायच्या ऐवजी ते एक आडवी रेघ ओढत, आणि त्या रेघेपायी पेन्शनच्या वेळी दोनदा चौकशी झाली होती. कचेरीतल्या निरोपसमारंभाचा फोटो भिंतीवर आहे. त्यात सत्कारमूर्ती कपाटामागे आहे आणि हार खुर्चीत आहे. आणि सत्तरी ओलांडलेल्या या माणसाच्या उजव्या कानामागे रोज काळा ठिपका असे, तान्ह्या बाळाला लावतात तसा. मला वाटायचं शाई लागत असेल. एकदा मी पुसायला हातरुमाल पुढे केला, तर ते दचकून मागे सरले. "ऱ्हाऊ दे गो बाय. ती आयेनं लावलेली हाय." त्यांची आई जाऊन तीस वर्षं झाली होती.

मग रेकॉर्ड स्कॅन करायला माणसं आली. काका दाराशी आडवे उभे राहिले. "ज्यांचा जिवंतपनी कोनी फोटू काढला नाय, त्यांचा आता काढता? त्यांना इचारलं का?" काम थांबलं नाही, अर्थात. महिनाभर आतून निळसर उजेडाच्या चमका येत होत्या आणि काका बाहेर बाकावर बसून प्रत्येक चमकेला डोळे मिटत होते. मला स्वतःला स्कॅनिंग फार आवडलं होतं. घरबसल्या अर्ज, रांग नाही, टकटक नाही, हात धुणं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते माझ्या घाईमुळे झालं.

माझी आत्या डोंगराजवळच्या आमच्या मूळ गावी राहते. काकांचंही तेच गाव. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन ती माहेरी परतली ती कायमची. घर आजोबांच्या नावावर, घरामागचं भाताचं खाचरही. माझे वडील नोकरीसाठी शहापूरला आले, ते घर तिनेच शाकारलं, सारवलं, राखलं. वडील वारल्यावर ती मला म्हणाली, "गो, मरायच्या आधी त्या सातबाऱ्यावर माजं नाव लागलेलं बगायचंय. माजं नाव कशावरच नाय." मी वहीत यादी केली. वारस नोंदीसाठी ती आजोबांची मुलगी असल्याचा पुरावा हवा होता. शाळेत ती कधी गेलेली नव्हती. राहिली जन्माची नोंद. त्या काळी जन्म-मृत्यू गावचा कोतवाल लिहायचा, आणि ती वही आता काकांच्या ताब्यात होती.

काकांना सांगितलं, तर ते प्रथमच म्हणाले, "नको काढू." "का?" "दुसरा कायतरी कागद बग. त्या वहीत नको हात घालू." मला वाटलं, वय झालं. मी दुसऱ्या खिडकीवर गेले, स्कॅन केलेल्या वहीच्या प्रती मागितल्या, दहा मिनिटांत दोन पानं हातात आली. पहिल्या पानावर आजोबांचं नाव आणि 'मुलगी' एवढं पाहिलं, दोन्ही पानं टाचली, तलाठ्याकडे अर्जाला जोडून दिली आणि यादीत बरोबरची खूण केली. दुसरं पान मी वाचलं नाही. आयुष्यात एवढाच एक कागद मी न वाचता दिला आहे.

पंधरा दिवसांनी तलाठ्यांचा फोन आला. "ताई, तुमच्या आजोबांना एकच मुलगी झाली होती ना? ती बाराव्या दिवशी मेली. तुम्हीच पान जोडलंय. मग ह्या बाई कोण?"

पान खरं होतं. आजोबांचं नाव, स्त्री, वय बारा दिवस, कारण अशक्तपणा. नावाच्या बाजूला शाईचा एक टपोरा डाग. मी आत्याला हसत हसत सांगितलं, कारकुनी चूक आहे, होईल दुरुस्त. ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने तुळशीला पाणी घालायचं सोडलं. शेजारणी जेवायला हाक मारायच्या तर ओटीवरच बसून राहायची, घरात जायची नाही. मी गेले तेव्हा ती स्वतःचे हात उलटसुलट करून बघत होती.

"आये माज्या तोंडाकडं टक लावून बगायची," ती म्हणाली. "जेवताना, निजताना. मला वाटायचं माया. आता कललं. ती पोर मेली आसंल, आनि मला कुटून तरी आनून तिच्या जागी ठेवली आसंल. मग मी कोन गो?"

"तू माझी आत्या."

"कागद दाखव."

बाहत्तर वर्षांची बाई, ताठ कण्याची, जिने रानडुकराला कोयता दाखवून खाचरातून हुसकलं होतं, ती स्वतःच्या घराच्या उंबऱ्याबाहेर पाहुण्यासारखी बसली होती. मी उठले आणि तडक काकांच्या घरी गेले.

काका अंगणात बसले होते. मी प्रत पुढे धरली. त्यांनी ती हातात न घेता नुसती त्या डागाकडे बघितली. "मी तुला बोल्लो व्हतो," ते म्हणाले, आणि मग सांगू लागले. ती वही लिहिणारा कोतवाल म्हणजे त्यांचे वडील. त्या वर्षांत गावात पोरं जगत नसत. कोणी पोराला मूठभर नाचणी घेऊन शेजारणीला विकायचं, कोणी दगड-धोंडा नाव ठेवायचं, म्हणजे नेणाऱ्याला वाटावं की इथे नेण्यासारखं काही नाही. कोतवालाने एक पाऊल पुढे टाकलं. ज्या घरची दोन-तीन पोरं गेली, त्या घरच्या नव्या पोराची जन्माची नोंद करायची आणि बारसं व्हायच्या आतच मरणाचीही करून टाकायची. सरकारी वहीत मेलं म्हणून लिहिल्यावर त्याला पुन्हा न्यायला कोण येईल? नेणाऱ्याची वही काय सरकारच्या वहीपेक्षा मोठी आहे?

"आनि खरी मेलेली आनि खोटी मेलेली यांच्यात घोल नको, म्हनून बाबा खोट्यांच्या नावाम्होरं शाईची तीट लावतो. साहेबांना वाटतं कोतवालाचं पेन गलतंय."

"मग चला," मी म्हणाले. "हेच नोंद मंजूर करणाऱ्या मंडळ अधिकारी मॅडमना सांगा." माझ्या डोक्यात यादी सुरू झाली होती : सुनावणीची तारीख, रिक्षा, काकांचं ओळखपत्र.

काकांनी कानामागे हात नेला. "सांगून मानतील का?" ते म्हणाले. चेहरा असा झाला होता की मी पुढचं काही विचारलं नाही.

सुनावणी काकांच्याच कचेरीत, दुपारी होती. आत्या आली, पण खुर्चीवर बसेना. मॅडम तरुण, नीटस, माझ्यासारखी टिपणं काढणाऱ्या. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं, मूळ वही मागवली, डाग निरखला.

"काका, तुम्ही सांगता ते खरंही असेल. पण हा शाईचा डाग आहे. यावरून बाई जिवंत कशा ठरवू? आणखी काही पुरावा?"

पंखा फिरत होता आणि वहीची पानं एकेक करून वर येत होती, बसत होती. आत्याने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. तेवढ्यात काका उठले. रेकॉर्ड रूमपाशी गेले, तीनदा टकटक केली आणि आत जाऊन काहीतरी पुटपुटले. मला फक्त "बाबा, दाखवतो" एवढंच ऐकू आलं. त्याच गावची आणखी जुनी वही घेऊन ते परतले, न बघता एक पान उघडलं आणि मॅडमसमोर ठेवून बोट टेकलं.

मॅडमनी वाचलं. बापाचं नाव, धंदा कोतवाल. पुरुष, वय अकरा दिवस. कारण अशक्तपणा. बाजूला तीट, सगळ्यांत मोठी.

"हे कोण?"

"मी हाय बाय."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं. "अहो, तुम्ही तर इथे नोकरी केलीत."

"केली ना. छत्तीस वर्सं. शालेचा दाखला व्हता. जन्म समदे बगतात, मरन कोन बगतो? आता दर साली बँकेत जातो, हयातीचा दाखला देतो. मेलेला मानूस." ते हसले, पण नजर छताकडे होती. "पैला परयोग बाबानं माज्यावर केला. माज्या आधीचे तीन गेलेले. मी टिकलो, मंग गाव त्याच्या मागं लागला. सत्तर वर्सं हे पान मी कोनाला दाखवलं नाय. आता समद्यांना कललं. नेनाऱ्यालाबी कललं आसंल."

याच वेळी आमच्यामागे रेकॉर्ड रूमचं दार आपसूक लागलं. वारा असावा. मी वहीत 'कडी सैल' असं लिहिलं. माझं अक्षर तिथे वाकडं आलं आहे.

काका आत्याकडे वळले. लहानपणी एकत्र गुरं राखलेली माणसं ती. "काय गो," ते म्हणाले, "तुज्या आयेनं माज्या बाच्या हातापाया पडून लिवून घेतलंय हे. टक लावून बगते ती, लबाडी पचली का नाय, त्याच्यासाठी. तू दुसरी कोन नाय. येवडी खाष्ट पोर बदलून कोन देनार?"

आत्याने पदर मागे केला. "आनि तू मेलेला येडा," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.

मॅडमनी मग गावातल्या चार वृद्धांचे जबाब घ्यायला सांगितले, कागद वर पाठवले. जायच्या आधी काका पुन्हा टेबलापाशी गेले. "शेरा मारा बाय, पन खोडू नका."

"जुन्या नोंदीवर खाडाखोड करायची नसते, हे तुम्हीच शिकवलंत मला, काका. तुमच्या नोंदीचं काय करू? तीही दुरुस्त करायला हवी."

"माजी ऱ्हाऊ द्या. हाय तशी." मॅडमनी ती वही स्वतःच्या हाताने मिटली आणि सुतळीची गाठ मारून काकांना दिली.

यथावकाश आत्याच्या नोंदीशेजारी लाल शाईत शेरा आला, सदर स्त्री हयात असल्याबद्दलचा. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. ती प्रत मी तिला नेऊन दिली तेव्हा तिने ती आधी तुळशीला दाखवली आणि मग वाचता येत नसताना बराच वेळ वाचली.

काका त्याच वर्षी गेले, भात झोडून झाल्यावर, अंगणात उन्हाला बसल्या जागी. सून सांगत होती, पाहुणं कोणी आलं नव्हतं, पण बसल्या बसल्याच त्यांनी एकदम वाटेकडे वळून "ओ" दिली. कोणी हाक मारलेली तिने ऐकली नव्हती. वय झालं होतं, दम्याचा त्रास होता. कारण शोधायला लांब जायची गरज नाही. पण पुढे कित्येक दिवस, भाकऱ्या थापताना, हिशेबाचे तक्ते भरताना, ते पान उघडायला मी त्यांना नेलं होतं हे माझ्या मनातून जाईना. आत्याला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "त्याला म्हाईत व्हतं गो. म्हाईत असून आला तो."

मृत्यूची नोंद करायचं काम कुटुंबाने माझ्यावर सोपवलं. ग्रामपंचायतीत संगणकावर माहिती भरली, बटण दाबलं, नोंद जाईना. पुन्हा भरली, पुन्हा जाईना. ग्रामसेवक म्हणाले, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे. तिसऱ्यांदा गेली. मी घड्याळात वेळ पाहून घेतली, सवय आहे म्हणून.

आता रेकॉर्ड रूम नव्या माणसाच्या ताब्यात आहे. क्रमांक नीट लावलेत, यादी भिंतीवर आहे, मला हवी होती तशी. मध्यंतरी एका कामासाठी गेले तर तो किल्ली लावत होता. मी त्याला थांबवलं, तीनदा टकटक केली आणि बाहेर नळावर जाऊन हात धुवून आले. खिडकीत तांब्या होता, भरलेला.

माझ्या कपाटात घरच्या सगळ्यांच्या कागदांची एक वही आहे. पहिल्या पानावर नावं : आत्या, नवरा, मुलगी, जावई, आणि श्रावणात झालेली नात, जिचं नाव ठेवलं त्याच दिवशी मी ते शेवटच्या ओळीत लिहिलं. प्रत्येक नावापुढे शाईचा बारीक ठिपका आहे. नातीच्या नावापुढचा जरा टपोरा आला आहे. मुलीने विचारलं, आई, हे काय? मी म्हटलं, काही नाही, माझं पेन गळतंय.